हायड्रोजन रेणूची विघटन-ऊर्जा : एका आकड्याच्या नोंदीचा इतिहास

पुंजरसायनाच्या कोणत्याही पाठ्यग्रंथात हायड्रोजन रेणूवरील प्रकरणाच्या अखेरीस एक लहानसे कोष्टक असते. डावीकडे संशोधकांची नावे आणि उजवीकडे विघटन-ऊर्जा व दोन केंद्रकांमधील अंतर, अशी त्याची मांडणी असते. वरून खाली वाचत गेले म्हणजे ३.१४, ३.७६, ४.०२, ४.७२ इलेक्ट्रॉन व्होल्ट असे आकडे क्रमाने चढत जातात आणि शेवटच्या ओळीत प्रयोगाने मिळालेल्या मूल्याशी त्यांची गाठ पडते. विद्यार्थी हे कोष्टक उतरवून घेतो आणि परीक्षेत लिहितो. त्याला त्यात शंका घेण्याजोगे काही दिसत नाही.

परंतु वेगवेगळ्या काळातील दोन ग्रंथ शेजारी ठेवून हेच कोष्टक वाचावे, म्हणजे एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. हाइट्लर-लंडन यांच्या गणिताचे फळ एका ग्रंथात ३.१४ असते, तर दुसऱ्यात ३.१६. वांग यांचा आकडा एकीकडे ३.७६ आणि दुसरीकडे ३.७८. केंद्रकांतील अंतराविषयी तर याहून मोठी तफावत आहे: जुन्या ग्रंथांत हाइट्लर-लंडन पद्धतीचे अंतर ०.८० अँगस्ट्रॉम दिलेले आढळते, नंतरच्या ग्रंथांत ते ०.८७ होते. मधल्या काळात ही गणिते कोणी नव्याने केली आणि त्यांत पूर्वीच्या चुका सापडल्या, असेही नाही. १९२७ सालचे तरंगफलन आजही तेच आहे. मग आकडा का हलला, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटला तरी त्याचे उत्तर शोधू लागल्यावर लहान रेणूंच्या गणिताची नोंद कशी ठेवावी आणि ती कशी मांडावी, या विषयाचा बराचसा इतिहास हाती येतो.

प्रथम विघटन-ऊर्जेचा आकडा घेऊ. पुंजयामिकीचे गणित करणारा मनुष्य इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये गणित करीत नाही. इलेक्ट्रॉनाचे वस्तुमान, त्याचा विद्युत्‌भार आणि प्लांकचा स्थिरांक भागिले २π या तिन्ही राशी एक मानल्या म्हणजे समीकरणातून सर्व स्थिरांक निघून जातात आणि उत्तर शुद्ध संख्येच्या रूपाने मिळते. अशा आणवीय एककांत एकमेकांपासून दूर असलेल्या दोन हायड्रोजन अणूंची ऊर्जा उणे १ असते. हाइट्लर-लंडन तरंगफलनावरून रेणूची ऊर्जा उणे १.११६० येते, म्हणजे बंधाच्या वाट्याला ०.११६० एवढी संख्या राहते. वांग यांच्या तरंगफलनात ती ०.१३८९ आहे. या संख्यांना इलेक्ट्रॉन व्होल्टांचे रूप देण्यासाठी हायड्रोजन अणूच्या आयनीभवन-ऊर्जेच्या दुपटीने गुणावे लागते. १९३० च्या सुमारास ही आयनीभवन-ऊर्जा १३.५३ धरीत, म्हणजे गुणक २७.०६ होतो. ०.११६० ला २७.०६ ने गुणले की ३.१४ येतात आणि ०.१३८९ ला गुणले की ३.७६. आजचा गुणक २७.२१ आहे. त्याने गुणून पाहावे, ३.१६ आणि ३.७८ हेच आकडे मिळतात.

गुणक तरी का बदलला? त्या काळी इलेक्ट्रॉनाच्या विद्युत्‌भाराचे जे मूल्य प्रमाण मानले जात होते, ते मिलिकन यांच्या तेलबिंदूच्या प्रयोगावरून आले होते आणि ते किंचित कमी होते. कारण त्या प्रयोगात वापरलेला हवेच्या श्यानतेचा आकडा बरोबर नव्हता. विद्युत्‌भाराबरोबर प्लांकच्या स्थिरांकाचे मूल्यही चुकत गेले. पुढे क्ष-किरणांच्या मोजमापांनी ही चूक उघडकीस आली. हवेच्या श्यानतेतील दोष हायड्रोजन रेणूच्या कोष्टकात येऊन बसावा, हे मोठे गमतीचे आहे. ज्याने मूळ शुद्ध संख्या नोंदवून ठेवली, त्याचे गणित या घोटाळ्यातून सहीसलामत सुटले. ज्याने केवळ गुणाकाराचे फळ छापले, त्याच्या वाचकाला गुणक कोणता होता याचा शोध घेत बसावे लागते.

अंतराच्या बाबतीत गुणकाचा दोष संभवत नाही, कारण त्या एककाचे मूल्य इतके हललेले नाही. तेथे प्रश्न आहे तो ऊर्जेच्या वक्राचा तळ किती बिंदूंवरून काढला याचा. तळाशी वक्र सपाट असतो. तेथे एककाच्या दीडपट अंतरावर तळ आहे असे म्हणणे आणि १.६४ पट अंतरावर आहे असे म्हणणे यांत ऊर्जेचा फरक अल्प पडतो, परंतु अंतराचा फरक ठळक दिसतो. कोणकोणत्या अंतरांसाठी गणित केले हे छापलेले असले, तर वाचकाला हे स्वतःच ताडून पाहता येते.

आता मूळ इतिहासाकडे वळू. १९२७ साली वाल्टर हाइट्लर आणि फ्रिट्झ लंडन यांनी झुरिक येथे जे गणित केले, त्याने रासायनिक बंध म्हणजे काय याचे पहिले पुंजयामिकीय उत्तर दिले, हे सर्वश्रुत आहे. त्या गणितातील एक समाकल मात्र त्यांना नेमका काढता आला नव्हता. तो जपानी संशोधक सुगिउरा यांनी त्याच वर्षी काढला, आणि म्हणून जुन्या कोष्टकांत हाइट्लर-लंडन-सुगिउरा असे तिहेरी नाव असते. नव्या ग्रंथांनी तिसरे नाव बहुधा गाळले आहे. ज्याच्या श्रमाने आकडा निश्चित झाला त्याचेच नाव आकड्याजवळून पुसले जावे, हेही नोंदीच्या इतिहासाचेच एक अंग होय. १९२८ साली वांग यांनी त्या तरंगफलनात एक बदलता घातांक घालून ऊर्जा सुधारली.

या सर्व प्रयत्नांत प्रयोगाच्या मूल्याशी असलेले अंतर एवढे मोठे होते की नोंदीतील बारकाव्यांची कोणी फिकीर करण्याचे कारण नव्हते. ते कारण १९३३ साली निर्माण झाले. हार्वर्ड येथील जेम्स आणि कूलिज यांनी, हिलेरास यांनी हेलियम अणूसाठी वापरलेली युक्ती उचलून, दोन इलेक्ट्रॉनांमधील अंतर हेच तरंगफलनातील एक चल म्हणून घेतले. तेरा पदांच्या त्या तरंगफलनाने बंधाच्या वाट्याची संख्या सुमारे ०.१७३५ पर्यंत नेली. आजच्या गुणकाने तिचे ४.७२ इलेक्ट्रॉन व्होल्ट होतात. हे सर्व गणित टेबलावरील हिशेबयंत्रांवर हातांनी केलेले होते. आमच्या मते या निबंधाचे खरे महत्त्व अखेरच्या आकड्यापेक्षा तो ज्या रीतीने मांडला त्या रीतीत आहे. पदांची संख्या वाढवीत नेली असता ऊर्जा कशी उतरत जाते, हे त्यांनी पायरीपायरीने दाखविले. चलन तत्त्वाप्रमाणे गणिताने मिळालेली ऊर्जा खऱ्या ऊर्जेच्या खाली कधीही जाऊ शकत नाही. म्हणून अशा उतरत्या रांगेकडे पाहून वाचकाला तळ किती जवळ आला आहे याचा अदमास करता येतो. एकच आकडा छापला असता, तर तो प्रयोगाशी जुळला एवढेच म्हणता आले असते. योगायोगानेही आकडे जुळतात.

येथे एक खुलासा अवश्य केला पाहिजे, कारण विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत ही गफलत वारंवार दृष्टीस पडते. विघटन-ऊर्जा या एकाच नावाखाली दोन राशी वावरतात. एक वक्राच्या तळापासून मोजलेली आणि दुसरी रेणूच्या सर्वांत खालच्या कंपन-पातळीपासून मोजलेली. हायड्रोजनात या दोहोंत जवळजवळ २१७९ प्रतिसेंटिमीटर, म्हणजे ०.२७ इलेक्ट्रॉन व्होल्ट एवढा फरक आहे. गणित करणाऱ्याच्या हाती पहिली राशी सहज येते. वर्णपटशास्त्रज्ञ दुसरी मोजतो. एकीचे मूल्य सुमारे ४.७५ आणि दुसरीचे ४.४८. कोणती राशी छापली आहे हे चिन्हाने न सांगता गणित व प्रयोग शेजारी ठेवले, तर चांगले गणित वाईट ठरू शकते आणि, जे अधिक धोक्याचे आहे, वाईट गणित चांगले ठरू शकते.

१९५० नंतर यंत्रगणक आले आणि कामाचे स्वरूप पालटले. शेर यांनी नायट्रोजन रेणूचे गणित हिशेबयंत्रांवर दोन साहाय्यकांच्या मदतीने सुमारे दोन वर्षांत केले आणि १९५५ साली प्रसिद्ध केले. १९५९ साली मलिकन आणि रूथान यांनी शिकागोहून लिहिले, की तेच गणित आता यंत्रावर ३५ मिनिटांत होते. ही तुलना पुष्कळदा सांगितली जाते. तिच्या उलट बाजूचा विचार मात्र फारसा होत नाही. दोन वर्षे हातांनी गणित करणारा मनुष्य प्रत्येक समाकल वहीत उतरवीत असे. जपानमध्ये कोतानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३८ पासून अशा समाकलांची कोष्टके छापली. १९५५ साली त्यांचा ग्रंथ निघाला, आणि जगभरचे लोक त्यांवर आपली गणिते पडताळून पाहत. यंत्राने समाकल पोटात ठेवले आणि बाहेर फक्त उत्तर दिले. नोंद करण्याची जबाबदारी हातातून निसटली, आणि ती नव्याने कोणी उचलावी हे ठरावयास काही वर्षे गेली. १९५९ साली शल आणि हॉल यांनी आणवीय ऊर्जा-एककास ‘हार्ट्री’ हे नाव सुचविले, ते याच संक्रमणकाळात. नावापुरतीच ही गोष्ट दिसते. परंतु एककाला नाव मिळाले म्हणजे शुद्ध संख्या छापण्याचा संकोच उरत नाही.

आता प्रस्तुत कथेचा मुख्य भाग. १९६० साली दोन निबंध प्रसिद्ध झाले. पोलिश संशोधक कोवॉस (इंग्रजी उच्चाराच्या वळणाने आपल्याकडे त्यांना कोलोस म्हणतात) आणि रूथान यांनी जेम्स-कूलिज यांचीच वाट धरून, परंतु यंत्राच्या साह्याने, सुमारे ५० पदांचे तरंगफलन काढले. त्याच वर्षी ओटावा येथील हर्झबर्ग आणि मॉन्फिल्स यांनी दूरच्या जंबुपार भागातील वर्णपटावरून विघटन-ऊर्जा मोजली. त्यांचे मूल्य ३६११३.६ प्रतिसेंटिमीटर होते आणि त्यातील अनिश्चितता अवघी ०.३ सांगितली होती. हर्झबर्ग हे त्या शास्त्रातील अग्रणी. त्यांच्या आकड्यावर शंका घेण्याचे कोणाच्या मनात येण्याजोगे नव्हते.

यानंतर कोवॉस आणि व्होल्नेव्हिच यांनी गणित आणखी पुढे नेले. केंद्रके स्थिर असतात या गृहीताबद्दलची दुरुस्ती आणि सापेक्षतेची दुरुस्ती या दोन्ही त्यांनी वेगळ्या काढून वेगळ्या नोंदविल्या. १९६८ साली १०० पदांपर्यंत जाऊन त्यांनी विघटन-ऊर्जा ३६११७.४ प्रतिसेंटिमीटर ठरविली. प्रयोगापेक्षा ही ३.८ ने अधिक होती. इलेक्ट्रॉन व्होल्टांत हा फरक ०.०००५ एवढाच, पाठ्यग्रंथातील कोष्टकात तो दिसणारसुद्धा नाही. हार्ट्रीत मोजल्यास तो पाचव्या दशांश स्थळी पडतो. तरीही तो असह्य होता, कारण त्याची दिशा उलटी होती. गणित अपुरे असते तर विघटन-ऊर्जा प्रयोगापेक्षा कमी यावयास हवी होती. चलन तत्त्व तेवढीच मुभा देते. येथे ती अधिक आली होती. तरंगफलन आणखी सुधारले असते तर हा विरोध वाढलाच असता. तेव्हा तीनच शक्यता उरत होत्या: गणितात कोठेतरी चूक आहे, प्रयोगात चूक आहे, अथवा पुंजयामिकीच या रेणूला पुरी पडत नाही.

अशा वेळी गणित करणाऱ्याची बाजू कशावर टिकते? त्याच्या कीर्तीवर नव्हे. त्या बाबतीत हर्झबर्ग यांचे पारडे जड होते. ती टिकली नोंदीवर. घातांक, पदांची निवड, प्रत्येक अंतरासाठी मिळालेली ऊर्जा, दुरुस्त्यांचे वेगवेगळे आकडे, ही सर्व सामग्री छापील पानावर होती. ज्याला चूक दाखवावयाची असेल त्याने कोणत्या पायरीवर बोट ठेवावे हे स्पष्ट होते, आणि तसे बोट कोणाला ठेवता आले नाही. अखेर हर्झबर्ग यांनीच वर्णपट पुन्हा घेतला. १९७० साली त्यांनी प्रसिद्ध केले की विघटन-ऊर्जा ३६११६.३ आणि ३६११८.३ यांच्या दरम्यान आहे. त्याच वर्षी स्टॉल्ली यांनी वेगळ्या मार्गाने ३६११८.६ हे मूल्य ०.५ च्या अनिश्चिततेसह काढले. गणिताचे म्हणणे मान्य झाले होते. पुढील वर्षी हर्झबर्ग यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. स्वतःच्या आकड्याविरुद्ध पुन्हा प्रयोग मांडण्याची त्यांची वृत्ती त्या सन्मानास शोभणारीच होती.

या प्रकरणात आणखी एक मौज आहे. बॉयटलर यांनी १९३५ च्या सुमारास हीच राशी मोजून ३६११६ असे मूल्य दिले होते आणि त्यातील अनिश्चितता प्रामाणिकपणे ६ सांगितली होती. आज आपण जाणतो की तो आकडा १९६० च्या आकड्यापेक्षा सत्याच्या अधिक जवळ होता. १९६० च्या निबंधाचा दोष मूल्यापेक्षा अनिश्चिततेच्या आकड्यात अधिक होता. मूल्याशेजारी लिहिलेली ती छोटी संख्या हेही एक विधान असते, आणि मूल्याइतक्याच कसोशीने ते करावयाचे असते.

गणिताचे म्हणणे प्रत्येक वेळी असे ऐकून घेतले गेले, असे मात्र समजू नये. मेथिलीन या तीन अणूंच्या रेणूविषयी फॉस्टर आणि बॉइज यांनी १९६० सालीच गणित करून त्यातील कोन १२९ अंशांचा असल्याचे सांगितले होते. १९६१ साली हर्झबर्ग यांनी वर्णपटावरून रेणू सरळ अथवा जवळजवळ सरळ असल्याचा निष्कर्ष काढला, आणि गणित बाजूस पडले. तेथे वाचकाला धीर देईल अशी उतरत्या ऊर्जेची रांग नव्हती. रेणू मोठा, यंत्र लहान, आणि आकडा एकटा होता. १९७० साली बेंडर आणि शेफर यांनी १३५.१ अंश हा कोन काढला. त्याच वर्षी चुंबकीय अनुस्पंदनाच्या प्रयोगांनी १३६ अंशांच्या आसपासचा कोन दाखविला, आणि १९७१ साली हर्झबर्ग व जॉन्स यांनी जुन्या वर्णपटाचा नवा अर्थ लावून वाकडा रेणू मान्य केला. दहा वर्षे बरोबर दिशेचे उत्तर छापील स्वरूपात उपलब्ध होते. त्यावर विश्वास ठेवण्याजोगे काय आहे, हे त्या पानावरून कळत नव्हते एवढेच.

पुढे नोंदीच्या काही रीती रूढ झाल्या. मॅक्लीन आणि योशिमिने यांनी १९६७ साली रेषीय रेणूंच्या तरंगफलनांची कोष्टके प्रसिद्ध केली. रिचर्ड्‌स, वॉकर आणि हिंकली यांनी १९७१ साली अशा गणितांची ग्रंथसूची केली. इंडियाना विद्यापीठात शल यांच्या पुढाकाराने संगणक-आज्ञावल्यांची देवघेव करणारी संस्था निघाली. तिच्यामुळे आकड्याबरोबर तो काढण्याचे साधनही दुसऱ्याच्या हाती जाऊ लागले. पोपल यांच्या संप्रदायात पद्धत आणि आधार-संच यांची नावे एका तिरक्या रेषेच्या दोन बाजूंस लिहिण्याचा प्रघात पडला. रेणूचा आकार एका पातळीवर आणि ऊर्जा दुसऱ्या पातळीवर काढली असेल, तर मध्ये दोन तिरक्या रेषा येतात. ही खूण इतकी सोयीची आहे की तिनेच सर्व काही सांगितले, असा समज होतो. प्रत्यक्षात ऊर्जेत शून्यबिंदू-कंपन मिळविले आहे की नाही, मिळविले असल्यास कंपनांक कोणत्या गुणकाने कमी केले, सापडलेला बिंदू खरोखर वक्राचा तळ आहे की खिंड, घनता-फलनाच्या पद्धतीत समाकलांची जाळी केवढी बारीक घेतली, आज्ञावलीची कोणती आवृत्ती वापरली, यांपैकी काहीही त्या खुणेत नसते. अणूंचे सहनिर्देशक आणि हार्ट्रीतील एकूण ऊर्जा पुरेशा दशांश स्थळांपर्यंत दिली नसेल, तर तेच गणित दुसऱ्याने करून पाहिले तरी ते तेच आहे की नाही हे ठरविता येत नाही. एक हार्ट्री म्हणजे सुमारे २१९४७५ प्रतिसेंटिमीटर. यावरून सहाव्या दशांश स्थळाची किंमत ०.२२ प्रतिसेंटिमीटर होते हे ध्यानी घेतले, तर किती स्थळे छापावीत आणि किती छापणे हा केवळ दिखावा ठरेल, याचा निर्णय प्रश्नागणिक करता येतो.

हायड्रोजनाचा आकडा १९७० नंतरही थांबला नाही. २००६ साली सिम्स आणि हॅगस्ट्रॉम यांनी जेम्स-कूलिज यांच्याच घाटाचे तरंगफलन ७००० हून अधिक पदांपर्यंत नेले. तेरा पदांपासून तेथपर्यंतची रांग आता सलग वाचता येते. वक्राच्या तळाशी ऊर्जा उणे १.१७४४७५९ हार्ट्री आहे. म्हणजे जेम्स आणि कूलिज हिशेबयंत्रावर एक सहस्रांश हार्ट्रीपर्यंत येऊन पोहोचले होते. २००९ साली लेसर-वर्णपटावरून ३६११८.०६९६२ प्रतिसेंटिमीटर हे मूल्य मिळाले, त्यातील अनिश्चितता ०.०००३७. त्याच वर्षी पिश्चातोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, केंद्रकांची गती, सापेक्षता आणि पुंज-विद्युत्‌गतिकी यांच्या दुरुस्त्या एकेक ओळीने मांडून, गणिताने ३६११८.०६९५ हे मूल्य दिले आणि त्याच्याही शेजारी ०.००१० ही अनिश्चितता लिहिली.